सम्राट पेंग्विन बर्फाखाली इतका वेळ दम कसा धरतात आणि भक्ष्य कसे शोधतात?

भायखळेकर

राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हापासून आमच्या घरी या पक्ष्याविषयीच्या प्रश्नांना खंड नाही. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे रहिवासी आहेत, बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही, हे मुलाला समजावून झाले. परंतु ते समजावता समजावता अंटार्क्टिकावरच्या सम्राट पेंग्विनविषयी माझेच कुतूहल वाढले. हा पक्षी पाचशे मीटरहून खोल जातो आणि अर्धा तास पाण्याखाली राहिल्याचीही नोंद आहे, असे वाचनात आले. देवमासा किंवा सील यांच्याबाबत असे काही ऐकले की आश्चर्य वाटत नाही, कारण त्यांचे आकारमानच अवाढव्य असते. येथे मात्र पंचवीस-तीस किलो वजनाचा, उडणाऱ्या पूर्वजांपासून उत्क्रांत झालेला पक्षी आहे, आणि त्याने पृष्ठभागावर घेतलेल्या एका श्वासावर एवढा पल्ला कसा गाठता येतो, हे मला उलगडलेले नाही.

दुसरी शंका शिकारीची आहे. वर दीड-दोन मीटर जाडीचा समुद्रबर्फ, खाली अंधार आणि पाण्याचे तापमान शून्याच्याही खाली, अशा ठिकाणी मासे दिसतात तरी कसे? आणि भक्ष्याच्या मागे दूरवर गेल्यावर परतीचे भोक सापडले नाही तर मृत्यू अटळच आहे. मग नेमके कधी मागे फिरायचे हे पक्षी कशावरून ठरवत असेल? जाणकारांनी थोडे विस्ताराने सांगितल्यास आभारी राहीन.

शरीरधर्म

भायखळेकर, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते विक्रमाचे आकडे आहेत आणि विक्रमावरून रोजच्या जगण्याचा अंदाज बांधला की गफलत होते. सम्राट पेंग्विनची सर्वांत खोल नोंदलेली बुडी ५६४ मीटरची आहे, तर सर्वांत दीर्घ बुडी ३२ मिनिटांहून किंचित अधिक वेळाची आहे. ही दुसरी नोंद रॉस समुद्रातल्या पक्ष्यांना २०१३ साली लावलेल्या उपकरणांतून मिळाली. प्रत्यक्षात त्याच्या बहुतेक बुड्या काही मिनिटांच्याच असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा शंभर-दोनशे मीटरच्या आत संपतात. त्यामुळे अर्धा तास कसा जमतो याच्या आधी पाच-सहा मिनिटे इतक्या सहजपणे आणि दिवसभर पुन्हा पुन्हा कशी जमतात, हे पाहावे लागेल. माझ्या मते खरे नवल तेथे आहे.

हे मोजले कसे, ते सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड येथे जेराल्ड कुयमन आणि पुढे पॉल पोंगानिस या अमेरिकन संशोधकांनी एक साधी पण चतुर युक्ती वापरली. आसपास कोठेही भेग किंवा मोकळे पाणी नाही अशा ठिकाणी त्यांनी जाड समुद्रबर्फात भोक पाडले आणि पेंग्विनांना तेथे मुक्कामाला ठेवले. पक्षी खाली जाऊन मनसोक्त शिकार करू शकत होते, मात्र श्वासासाठी त्यांना त्याच भोकाशी परतणे भाग होते. परिणामी पाठीवरचे उपकरण हमखास हाती येई, आणि बाहेर येताच त्यांचे रक्तही तपासता येई. या तपासणीतून असे दिसले की सुमारे ५.६ मिनिटांपर्यंतच्या बुडीनंतर रक्तातले लॅक्टिक आम्ल (प्राणवायू अपुरा पडला की स्नायूंत तयार होणारे) वाढत नाही. त्यापुढे मात्र ते वाढू लागते. म्हणजे साडेपाच मिनिटांपर्यंत शरीर सोबतच्या प्राणवायूवर चालते आणि त्यानंतरचे काम उसनवारीवर होते, जी वर आल्यावर फेडावी लागते.

हा प्राणवायू कोठे साठवलेला असतो? येथे आपला ‘एका श्वासावर’ हा शब्दप्रयोग थोडा दिशाभूल करणारा आहे. फुफ्फुसे आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या यांत त्या साठ्याचा लहानसाच वाटा असतो. जवळपास निम्मा साठा स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाला बांधलेला असतो आणि उरलेला रक्तात असतो. सम्राट पेंग्विनच्या छातीच्या स्नायूत मायोग्लोबिनचे प्रमाण दर शंभर ग्रॅमला सहा ग्रॅमहून अधिक आहे, म्हणूनच त्याचे मांस काळपट लाल दिसते. बुडीच्या आधी पृष्ठभागावर असताना त्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीच्या दुपटीहून वाढतात आणि सगळी कोठारे भरून घेतली जातात. पाण्यात शिरताच ठोके झपाट्याने उतरतात. विश्रांतीत मिनिटाला साधारण सत्तर असणारे ठोके दीर्घ बुडीत दहाच्याही खाली गेल्याची नोंद आहे. स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह पुष्कळदा आवळून धरला जातो, जेणेकरून रक्तातला प्राणवायू मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवता यावा आणि पंख हलवणाऱ्या स्नायूंनी स्वतःच्या शिदोरीवर भागवावे. ‘पुष्कळदा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. स्नायूतला प्राणवायू प्रत्यक्ष मोजल्यावर असे आढळले की काही बुड्यांत तो सरळ रेषेत संपत जातो, तर काही बुड्यांत मध्येच काही काळ स्थिर राहतो, म्हणजे त्या वेळी रक्त स्नायूंकडे वळवलेले असते. पक्षी हा हिशेब प्रसंगानुसार बदलतो.

उसनवारीची किंमत किती असते याचे एक उदाहरण देतो. जपानी संशोधक कात्सुफुमी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदलेल्या २७.६ मिनिटांच्या बुडीनंतर तो पक्षी बर्फावर पालथा पडून राहिला. उभे राहायला त्याला ६ मिनिटे लागली, चालू लागायला आणखी २० मिनिटे लागली आणि पुढची बुडी त्याने तब्बल ८.४ तासांनी मारली. इतकी दीर्घ बुडी हा पराक्रम नसून बहुधा अडचण असते: बर्फ सरकला असेल, वाट बंद झाली असेल, किंवा दुसरे छिद्र शोधावे लागले असेल.

दाबाचे थोडक्यात सांगतो. दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने पाचशे मीटरवर पन्नासहून अधिक पट दाब असतो आणि शरीरातली हवा त्या प्रमाणात आक्रसते. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ असतात. पेंग्विनची हाडे भरीव आणि जड असतात, त्यामुळे बुडायलाही मदत होते. वर येताना हीच आक्रसलेली हवा फुगत जाते आणि तरणशक्ती वाढते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पंख न हलवता नुसते तरंगत वर येता येते, म्हणजे प्राणवायूची तेवढीच बचत होते. सातो यांच्याच अभ्यासात किंग आणि अ‍ॅडेली या जातींचे पेंग्विन जितके खोल जायचे असेल तितकी अधिक हवा आत घेऊन निघतात, असे दिसले आहे. याचा अर्थ, खाली जाण्यापूर्वीच किती खोल जायचे याचा काही एक अंदाज त्यांनी बांधलेला असतो.

पाणकावळा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात पक्षीनिरीक्षकाच्या नजरेतून एक भर घालतो. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडी आणि उजनीच्या पाणलोटात उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, आणि विरळ हवेतही प्राणवायू घट्ट पकडणाऱ्या त्यांच्या हिमोग्लोबिनविषयी आपण वाचलेले असते. सम्राट पेंग्विनचे हिमोग्लोबिनही जवळपास त्याच तोडीचे असल्याचे आढळले आहे. एक आकाशात, दुसरा समुद्राच्या तळाकडे. अडचण मात्र एकच, ती म्हणजे तुटपुंज्या प्राणवायूत भागवण्याची. हे काम करणाऱ्या संशोधकांपैकी जेसिका मेअर यांनी पुढे पट्टकादंबांवरही संशोधन केले आणि नंतर त्या अंतराळवीर झाल्या; २०१९ साली केवळ स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळचालीत त्या होत्या. विषयांतर झाले खरे, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

आता शिकारीकडे वळतो. आपल्या मनात जे चित्र आहे, म्हणजे काळोखात खोल जाऊन मासे हुडकणारा पक्षी, ते अर्धेच आहे. पोंगानिस यांच्या गटाने मॅकमर्डोच्या त्याच भोकाशी काही पेंग्विनांच्या पाठीवर लहान कॅमेरे बसवले तेव्हा निराळेच दृश्य समोर आले. पक्षी साधारण पन्नास मीटरच्या आतबाहेर उतरतो, तेथून पुढे जात राहतो, आणि मग एकदम वर झेपावतो; तो श्वासासाठी नव्हे, तर बर्फाच्या खालच्या पृष्ठभागालगत राहणारे मासे टिपण्यासाठी. मासा घेतला की पुन्हा खाली उतरायचे, पुन्हा वर झेपावायचे, असे एकाच बुडीत अनेकदा चालते. या मागची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. खालून वर पाहिल्यास उन्हाळ्यातला बर्फ झिरपत्या उजेडाने फिकट दिसतो आणि त्याच्याशी बिलगलेला मासा गडद ठिपक्यासारखा उठून दिसतो. वरून खाली पाहणाऱ्याला तोच मासा काळोखात दिसला नसता. म्हणजे ज्या बर्फाला आपण अडथळा समजतो, तोच या शिकारीत पडद्याचे काम करतो.

हे मासे तेथे गोठत कसे नाहीत, असा प्रश्न मनात येईलच. समुद्राचे पाणी खारटपणामुळे सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते, आणि तेवढ्या थंडीत सामान्य माशाचे रक्त गोठून जाईल. अंटार्क्टिकातल्या या माशांच्या रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिने असतात. त्या बळावर ते बर्फाच्या कपारींत लपून राहू शकतात, जेथे बहुतेक शत्रू पोहोचत नाहीत. पेंग्विन मात्र पोहोचतो.

मोकळ्या समुद्रात निघालेल्या पक्ष्यांचे भक्ष्य निराळे असते. तेथे अंटार्क्टिक सिल्व्हरफिश हा लहानसा चंदेरी मासा, क्रिल हे कोळंबीसारखे लहान जीव आणि माकुळ यांवर त्यांचा भर असतो, आणि खोल बुड्या प्रामुख्याने तेथेच दिसतात. या खोल बुड्या मुख्यत्वे दिवसा होतात. पेंग्विन डोळ्यांनी शिकार करतो, त्याचे बुबुळ पाण्याखाली स्पष्ट दिसेल असे चपटे असते, आणि मंद उजेडातही त्याचे भागते. पण उजेड अजिबात नसेल तर चालत नाही. हिवाळ्यात नर वसाहतीत अंडे पायांवर घेऊन उपाशी उभे असतात, तेव्हा समुद्रावर असलेल्या माद्यांना दिवसाचा जो काही अंधुक प्रकाश मिळतो, त्यातच पोटभर खाऊन घ्यावे लागते.

पकडलेले भक्ष्य बहुतेक वेळा पाण्यातच गिळले जाते. पेंग्विनच्या जिभेवर आणि टाळूवर घशाकडे वळलेले टोकदार काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा एकदा चोचीत आला की पुढेच सरकतो. वेगाची कल्पना यावी म्हणून अ‍ॅडेली पेंग्विनांचा दाखला देतो. युकी वातानाबे आणि अकिनोरी ताकाहाशी या जपानी संशोधकांनी या पक्ष्यांच्या पाठीवर कॅमेरा आणि डोक्यावर हालचाल मोजणारे उपकरण लावले. मान झटकली की एक घास, असा हिशेब त्यांनी चित्रफितीशी ताडून पक्का केला. दीड तासाच्या आसपास चाललेल्या चित्रीकरणात एका पक्ष्याने २४४ क्रिल टिपले, आणि क्रिलचा दाट थवा मिळाला की सेकंदाला दोन या गतीने घास घेतले जात होते. क्रिल दूर पळण्याचा प्रयत्न करतो, पण बर्फाखालचा मासा बऱ्याचदा पेंग्विन अगदी चोचीजवळ येईपर्यंत हलतही नाही.

परत कधी फिरायचे, या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्यांत मनोरंजक वाटते. सम्राट पेंग्विनवर या एकाच मुद्द्यासाठी अभ्यास झाला आहे. समुद्रातल्या पक्ष्यांच्या नोंदी पाहिल्या तर वर वळण्याचा निर्णय साधारण ५.७ मिनिटांच्या आत घेतला जातो, मग बुडी उथळ असो वा खोल. पण कृत्रिम भोकाशी राहणारे पक्षी हीच मर्यादा सर्रास ओलांडत होते. दोन्ही ठिकाणी वेळ जुळत नव्हती, परंतु पंखांचे फटकारे मोजले तेव्हा ते जुळले. भोकाशी राहणारे पक्षी सावकाश पोहत, त्यामुळे त्यांना तेवढेच फटकारे मारायला जास्त वेळ लागे. ही संख्या सुमारे २३७ च्या आसपास येते. म्हणजे मर्यादा घड्याळाची नसून स्नायूंनी केलेल्या कामाची असावी. पक्षी मोजत बसतो असा याचा अर्थ नव्हे. स्नायूतला साठा किती उरला याची काहीतरी जाणीव त्याला होत असणार, असे मानायला जागा आहे.

भायखळेकर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. बर्फाखालून वाट काढणे इतके खर्चिक असेल आणि परतीचे छिद्र बंद होण्याची टांगती तलवार असेल, तर समुद्रबर्फ कमी झाल्याने पेंग्विनांचे भलेच व्हायला हवे. वर्तमानपत्रांत मात्र नेमके उलट छापून येते. यात माझ्या तर्काची चूक कोठे होते?

हिमरेषा

तर्क चुकीचा नाही, तो अपुरा आहे, आणि एका जातीच्या बाबतीत तो खरा ठरल्याचा पुरावाही आहे. पूर्व अंटार्क्टिकातल्या लुत्झो-होल्म उपसागरात, जपानच्या स्योवा तळाजवळ, एरवी उन्हाळ्यातही किनाऱ्याला चिकटलेला बर्फ टिकून असतो. तेथल्या अ‍ॅडेली पेंग्विनांना शिकारीसाठी बर्फावरून बराच वेळ चालत जावे लागते आणि भेगांमधून बुड्या माराव्या लागतात. २०१६-१७ च्या हंगामात हा बर्फ फुटून मोकळा झाला. वातानाबे यांच्या गटाने चार हंगामांतल्या मिळून १७५ पक्ष्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा बर्फ नसलेल्या हंगामात पक्षी चालण्याऐवजी पोहत गेले, त्यांच्या फेऱ्या लवकर आटोपल्या, बुड्या आखूड झाल्या आणि पिल्ले जास्त जगली, असे दिसून आले. चालणाऱ्या पेंग्विनची दया यावी अशी गती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. बर्फ हटल्याने पाण्यात ऊन पोहोचते, सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या क्रिलची चंगळ होते, असाही एक दुवा त्यांनी सुचवला आहे.

पण हा निष्कर्ष सगळ्या अंटार्क्टिकाला लावता येत नाही. ज्या भागात बर्फ आधीच विरळ आहे, तेथे तो आणखी घटला तर क्रिलच्या अळ्यांना हिवाळ्यात आसरा देणारी आणि चरायला शेवाळ पुरवणारी बर्फाची खालची बाजूच नाहीशी होते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडे अ‍ॅडेलींची संख्या घटत गेली आहे. एकच बदल एका किनाऱ्यावर वरदान आणि दुसऱ्या किनाऱ्यावर शाप ठरतो, आणि बातमीच्या मथळ्यात एवढे बारकावे मावत नाहीत.

सम्राट पेंग्विनची गोष्ट तर आणखी निराळी आहे, कारण त्याला बर्फ केवळ शिकारीपुरता लागत नाही. त्याच्या बहुतेक वसाहती किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फावरच वसतात. अंडी मे-जूनमध्ये घातली जातात आणि पिल्ले डिसेंबर-जानेवारीत समुद्रात उतरण्याजोगी होतात. तोपर्यंत पायाखालचा बर्फ टिकलाच पाहिजे. पिल्लाच्या अंगावरची करड्या रंगाची मऊ लव ऊब धरते, पण ती पाणी अडवत नाही, आणि भिजलेले पिल्लू थंडीने गारठून मरते किंवा बुडते. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात नेमके हेच घडले. उपग्रहाच्या छायाचित्रांत बर्फावर पडलेल्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून या वसाहती ओळखता येतात. त्या भागातल्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी पिल्ले तयार होण्याआधीच बर्फ फुटला आणि तेथला त्या वर्षीचा संपूर्ण विणीचा हंगाम वाया गेला, असे ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले.

दुसरीकडे बर्फ अतिच पसरला तरीही पंचाईत होते. वसाहतीपासून मोकळे पाणी जितके दूर, तितकी आईबापांची फेरी लांबते आणि पिल्लाला भरवण्याच्या खेपा कमी होतात. त्यामुळे या पक्ष्याला बर्फ हवा, पण बेताचा हवा: पिल्ले वाढेपर्यंत न फुटणारा, आणि तरीही काही तासांच्या चालीवर भेग किंवा मोकळे पाणी असणारा. जोरदार वाऱ्यांनी बर्फ दूर लोटला जाऊन हिवाळ्यातही उघडी राहणारी पाण्याची पट्टी जेथे असते, तेथे जवळपास वसाहती आढळतात, हा योगायोग नाही.

आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेली आणखी एक बाब सांगतो, जी सहसा चर्चेत येत नाही. बर्फाच्या काठावरून पाण्याबाहेर पडणे हेही या पक्ष्याला कौशल्याचे काम असते, कारण काठ पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असतो आणि खाली लेपर्ड सील टपून असू शकतो. निघण्यापूर्वी तो पिसांत हवा भरून घेतो. खोलवर ती हवा आक्रसते आणि शेवटच्या चढणीत पिसांमधून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सुटत राहते. अंगाभोवती तयार होणाऱ्या या बुडबुड्यांच्या आवरणाने पाण्याचा अवरोध घटतो आणि नेहमीच्या पोहण्याहून बऱ्याच अधिक वेगाने पक्षी बाहेर उसळतो, असे स्पष्टीकरण २०११ साली मांडले गेले. चित्रफितींत सम्राट पेंग्विनच्या मागे दिसणारी पांढरी रेघ ती हीच.

ही सगळी किमया पिसांवर अवलंबून असल्याने वर्षातून एकदा ती बदलावी लागतात, आणि पेंग्विन ती एकदमच बदलतो. त्या महिनाभराच्या काळात प्रौढ पक्ष्यालाही पाण्यात उतरता येत नाही. त्याआधी त्याने समुद्रात भरपूर खाऊन वजन वाढवलेले असावे लागते, आणि मग कात टाकेपर्यंत उपाशी उभे राहायला एखादा न वितळणारा बर्फाचा तुकडा मिळावा लागतो. ही वेळ साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीची, म्हणजे समुद्रबर्फ वर्षात सर्वांत कमी असण्याची असते. त्यामुळे पिल्लांचे नुकसान उपग्रहातून मोजता आले, तरी विखुरलेल्या तुकड्यांवर पिसे टाकत उभ्या असलेल्या प्रौढांवर घटत्या बर्फाचा काय परिणाम होतो, याचा माग काढणे त्याहून कितीतरी अवघड आहे.